सुरक्षा परिषदेची अस्थायी जागा आणि तिच्यासाठीची मोहीम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सुरक्षा परिषदेच्या पाच जागांसाठी मतदान होते आणि त्याच्या आगेमागे वाचकांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांतले नेहमीचे आणि काही खरोखर अडचणीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती पुन्हा न देता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरक्षा परिषदेत किती देश असतात आणि त्यांपैकी निवडणूक कोणाची होते?

परिषदेत १५ देश असतात. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच स्थायी सदस्य असून त्यांना निवडणुकीला सामोरे जावे लागत नाही. उरलेले दहा अस्थायी सदस्य आमसभा दोन वर्षांसाठी निवडते. मात्र दहाही जागा एकदम रिकाम्या होऊ नयेत म्हणून दरवर्षी पाचच जागांचे मतदान होते. आरंभी परिषद ११ जणांची होती आणि अस्थायी जागा सहाच होत्या. वसाहती स्वतंत्र होऊन संघटनेची सदस्यसंख्या वाढली, तेव्हा १९६३ मध्ये सनदेतील दुरुस्ती मंजूर झाली, ती १९६५ मध्ये अमलात आली आणि अस्थायी जागा दहा झाल्या. त्यानंतर आजतागायत त्यांत एकाही जागेची भर पडलेली नाही.

जिनिव्हा येथील मानवी हक्क परिषद ही संस्था निराळी आहे. तिच्या जागा ४७ आहेत आणि तिच्या निवडणुकीचे नियमही वेगळे आहेत. बातम्यांत या दोन्ही परिषदांची सरमिसळ होते, म्हणून हा खुलासा.

२. भारत २०२० मध्ये निवडून आला होता, मग तो आज परिषदेवर का नाही? ती जागा कायमची नव्हती का?

नव्हती. भारताची ती मुदत २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षांची होती आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी ती संपली. अस्थायी जागा हा स्थायी जागेकडे नेणारा जिना नव्हे; कितीही वेळा निवडून आले तरी स्थायी सदस्यत्व त्यातून मिळत नाही. जपान १२ वेळा आणि ब्राझील ११ वेळा निवडून आले आहेत, तरी दोघेही आजही अस्थायी जागांच्याच रांगेत उभे राहतात. स्थायी जागा निर्माण करायची तर सनद बदलावी लागते, आणि त्यासाठी एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश देशांची मान्यता व त्यांच्या देशांतर्गत प्रक्रियेनुसार अनुमोदन लागते. त्या अनुमोदनात पाचही स्थायी सदस्य असावेच लागतात. ती लढाई वेगळी आहे आणि या पानाचा विषय ती नाही.

३. कोणत्या प्रदेशाला किती जागा मिळतात?

आफ्रिकेला तीन, आशिया-प्रशांत गटाला दोन, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन गटाला दोन, पश्चिम युरोप व इतर देशांच्या गटाला दोन आणि पूर्व युरोपला एक. ‘इतर देश’ म्हणजे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड यांसारखे. सम वर्षी होणाऱ्या निवडणुकीत पश्चिमी गटाच्या दोन्ही जागा एकदम निघतात, म्हणून चुरशीच्या लढती बहुधा त्याच गटात पाहायला मिळतात. पूर्व युरोपची एकमेव जागा विषम वर्षी निघते. याखेरीज एक अलिखित रीत आहे. आफ्रिका आणि आशिया यांच्या जागांपैकी एक जागा अरब देशाकडे असावी आणि ती दोन्ही खंडांत आलटून पालटून जावी, असा समजुतीचा करार अनेक दशके पाळला जात आहे. सनदेत त्याचा उल्लेख नाही.

४. उमेदवारीचा अर्ज कोठे भरतात आणि किती आधी?

अर्ज असा नसतोच. आमसभेच्या नियमांनुसार या निवडणुकीत नामनिर्देशन होत नाही; प्रतिनिधी आपल्या मतपत्रिकेवर पात्र असलेल्या कोणत्याही देशाचे नाव लिहू शकतो. व्यवहारात मात्र देश आपल्या प्रादेशिक गटाच्या अध्यक्षाला पत्र पाठवून अमुक मुदतीसाठी आपण इच्छुक असल्याचे कळवतो आणि मग ते सर्वांना कळते. हे काम फार आधी होते. स्वित्झर्लंडने २०२३-२४ च्या मुदतीसाठीची उमेदवारी २०११ मध्येच जाहीर केली होती. भारताने २०२८-२९ साठीची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे आधीची मुदत संपण्यापूर्वीच केली. लवकर नाव लावण्यात शहाणपण असते, कारण गटातील दुसरा इच्छुक ते नाव पाहून बाजूला होण्याची शक्यता वाढते. माझ्या मते यशस्वी मोहिमेचे निम्मे काम येथेच होऊन जाते.

५. निवडून येण्यासाठी किती मते लागतात?

उपस्थित राहून मतदान करणाऱ्या देशांच्या दोन तृतीयांश मते लागतात. कोरी मतपत्रिका आणि बाद मतपत्रिका मोजणीत धरल्या जात नाहीत. सर्व १९३ सदस्यांनी वैध मत दिले तर हा आकडा १२९ होतो. पण वर्गणीची थकबाकी दोन वर्षांच्या वर्गणीइतकी किंवा तिच्याहून अधिक झालेल्या देशाचा मताधिकार जाऊ शकतो, त्यामुळे काही वेळा मतदारच कमी असतात. एकेका मताला किती वजन असते, हे पाहायचे असेल तर २०२० चे उदाहरण घ्यावे. पश्चिमी गटाच्या दोन जागांसाठी नॉर्वे, आयर्लंड आणि कॅनडा असे तिघे होते. आवश्यक मते १२८ होती. नॉर्वेला १३० मिळाली, कॅनडाला १०८, आणि आयर्लंडला नेमकी १२८.

६. मतदान प्रत्यक्षात कसे होते?

अतिशय जुन्या पद्धतीने, कागदावर आणि गुप्त. प्रत्येक शिष्टमंडळाला गटनिहाय वेगळ्या मतपत्रिका मिळतात, त्यांच्यावर इंग्रजी अक्षरांच्या खुणा असतात आणि देशाचे नाव हाताने लिहायचे असते. जितक्या जागा असतील त्यांहून अधिक नावे लिहिली तर मतपत्रिका बाद होते. त्यानंतर पेट्या फिरतात, निरनिराळ्या देशांचे मतमोजणीस नेमलेले प्रतिनिधी मोजणी करतात आणि अध्यक्ष आकडे वाचून दाखवतात. जून २०२० मध्ये साथीमुळे हे सगळे बदलले होते: सभागृह रिकामे, प्रतिनिधी मुखपट्टी लावून आपापल्या ठरलेल्या वेळेत येत, पेटीत मतपत्रिका टाकून निघून जात. पूर्वी निवडणुकीच्या दिवशी सभागृहात प्रचारसाहित्याची रेलचेल असे. २०१७ मध्ये आमसभेने त्या दिवशी सभागृहात वाटायचे साहित्य उमेदवारामागे एका पानापुरते मर्यादित केले.

७. एका जागेसाठी एकच उमेदवार असेल तर मतदान कशाला घेतात? आणि ‘विक्रमी मतांनी विजय’ या बातम्यांचा अर्थ काय लावायचा?

बिनविरोध निवड जाहीर करण्याची सोय या निवडणुकीत नाही. उमेदवार एकटा असला तरी त्याला गुप्त मतदानात दोन तृतीयांश मते मिळवावीच लागतात. तथापि अशा वेळी मिळणाऱ्या १८० किंवा १८५ मतांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. २०२० मध्ये भारताला १९२ पैकी १८४ मते पडली आणि आपल्याकडे ‘दणदणीत विजय’ असे मथळे झळकले. वास्तविक आशिया-प्रशांत गटातून त्या वर्षी भारत एकटाच होता. २०२४ मध्ये पाकिस्तान त्याच गटातून एकटा उभा राहिला, तेव्हा त्याला १८२ मते मिळाली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की अशा मतसंख्येचे मोल कळते.

भारताच्या बाबतीत खरे कौतुक करायचे तर ते जून २०१९ मधील घटनेचे करावे. त्या महिन्यात गटातील ५५ देशांनी, त्यात चीन आणि पाकिस्तानही आले, भारताच्या उमेदवारीला एकमताने पाठिंबा दिला. त्याआधी अफगाणिस्तानने त्याच मुदतीवरचा आपला दावा भारतासाठी सोडला होता.

८. मोहीम म्हणजे नेमके काय करतात?

या निवडणुकीचा मतदार म्हणजे सरकार असते, त्यामुळे सभा आणि फलक यांचा येथे फारसा उपयोग नसतो. न्यूयॉर्कमधील स्थायी प्रतिनिधी एकेका देशाच्या राजदूताला भेटतो आणि त्याच वेळी त्या देशाच्या राजधानीत परराष्ट्र खात्याकडे तीच विनंती पोहोचवली जाते. दोन्हीकडे जावेच लागते, कारण निर्णय राजधानीत होत असला तरी मतपत्रिकेवर नाव लिहिणारा हात न्यूयॉर्कमध्ये असतो, आणि राजधानीहून स्पष्ट सूचना आली नसेल तर तो हात आपल्या मर्जीने चालतो. मोहीम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे १९३ देशांची एक यादी असते आणि तिच्यात प्रत्येकासमोर लेखी पाठिंबा, तोंडी पाठिंबा, ‘सहानुभूतीने विचार करू’ किंवा मौन अशा नोंदी असतात. राजनैतिक भाषेत ‘सहानुभूतीने विचार करू’ याचा अर्थ बहुतेक वेळा नकार हाच असतो, असे जुनेजाणते सांगतात.

पाठिंब्याची सर्वांत चालती रीत म्हणजे देवाणघेवाण. तुम्ही आम्हाला सुरक्षा परिषदेसाठी मत द्या, आम्ही तुम्हाला अमुक समितीसाठी किंवा पुढच्या एखाद्या निवडणुकीसाठी देऊ, असे लेखी करार होतात आणि ते पाळण्याचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला जातो. लहान बेटराष्ट्रांचे मतही मोठ्या देशाइतकेच मोजले जाते, त्यामुळे ज्यांच्या राजधानीत उमेदवाराचा दूतावासही नसतो अशा देशांकडे विशेष दूत पाठवले जातात. हवामानबदल, कर्जमाफी, समुद्राची वाढती पातळी हे विषय उमेदवारांच्या भाषणांत अचानक वाढतात, त्यामागे हेच गणित असते.

प्रत्येक उमेदवार एक पुस्तिका आणि एक घोषवाक्यही काढतो. भारताने जून २०२० मध्ये सन्मान, संवाद, सहयोग, शांती आणि समृद्धी असे पाच ‘स’ पुढे केले होते. पाहुणचाराचाही वाटा असतो: आयर्लंडने राजदूतांना न्यूयॉर्कमध्ये यू-टू या आपल्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला नेले, तर कॅनडाने सेलिन डिऑनच्या. गाण्यांनी मते फिरली असे कोणी म्हणणार नाही, पण ज्याच्याशी ओळख आहे त्याचा दूरध्वनी उचलला जातो एवढे खरे.

९. लेखी वचन दिलेला देश ऐनवेळी फिरू शकतो का?

फिरू शकतो, आणि कोण फिरला हे कधीच कळत नाही. म्हणूनच अनुभवी अधिकारी आपल्या यादीतील वचनांतून काही टक्के वजा करूनच बेरीज करतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाला विजयाची खात्री वाटत होती, परंतु दोन्ही जागा स्वीडन आणि पोर्तुगाल यांना मिळाल्या आणि वचने मोडल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या राजदूतांनी उघडपणे संताप व्यक्त केला. २०१४ मध्ये तुर्कस्तानचे तसेच झाले. २००८ मध्ये १५१ मते मिळवून निवडून आलेला हा देश सहा वर्षांनी स्पेनशी लढताना मतदानाच्या तिसऱ्या फेरीत (फेऱ्यांविषयी प्रश्न १३ पाहा) ६० मतांवर आला.

यातली एक बारीक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अनेक देश आपले वचन पहिल्या फेरीपुरतेच बांधील मानतात. पहिल्या फेरीत दिलेले मत निष्फळ ठरले की ते मोकळे होतात. २०१० मध्ये कॅनडाला पहिल्या फेरीत ११४ मते होती आणि दुसऱ्या फेरीत ७८ राहिली, तेव्हा त्याने माघार घेतली. या कारणाने सावध उमेदवार ‘निकाल लागेपर्यंतच्या सर्व फेऱ्यांत’ असे शब्द पत्रात लिहून घेतात.

१०. गटाचा अधिकृत पाठिंबा मिळाला की जागा पक्की होते का?

बहुतेक वेळा होते, पण नियमाने नाही. आफ्रिकी देश साधारणपणे आपसांत पाळी ठरवतात. २०२० च्या निवडणुकीसाठी आफ्रिकी संघाने केनियाचे नाव मतदानाने निश्चित केले असतानाही जिबुतीने माघार घेतली नाही आणि आमसभेत पहिल्या फेरीत ७८ मते मिळवून केनियाला ११३ वर अडवले. दुसऱ्या दिवशी केनिया १२९ विरुद्ध ६२ असा निवडून आला. गटाबाहेरच्या देशांना गटाचा निर्णय बंधनकारक नसतो, हे या प्रकरणाने पुन्हा दाखवले.

११. भारत १९९६ मध्ये का हरला?

आशियाच्या एका जागेसाठी भारत आणि जपान समोरासमोर उभे होते आणि जपानला १४२, तर भारताला ४० मते मिळाली. त्याच वर्षी सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराला भारताने ठाम विरोध केला होता, त्यामुळे नाराजी होती. आणि जपान हा त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या मदतदात्यांपैकी एक होता. ही दोन कारणे नेहमी दिली जातात. मला तिसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे लढतच टाळायला हवी होती. १९९१-९२ नंतर भारताला पुढची जागा थेट २०११ मध्ये मिळाली. दरम्यान धोरण बदलले होते: २०१० च्या निवडणुकीआधी कझाकस्तानने माघार घेतली आणि भारत १८७ मतांनी निवडून आला. २०२० मध्ये काय झाले ते प्रश्न ७ मध्ये आले आहे.

१२. नकाराधिकार नसताना या जागेचा उपयोग काय? एवढा खर्च कशासाठी?

परिषदेचा ठराव मंजूर व्हायला नऊ मते लागतात, म्हणजे पाचही स्थायी सदस्य एकत्र आले तरी त्यांना आणखी चार मते हवी असतात. सात अस्थायी सदस्यांनी मत दिले नाही तर कोणताही ठराव नकाराधिकाराविनाच पडतो. याशिवाय परिषदेचे अध्यक्षपद दर महिन्याला इंग्रजी वर्णक्रमाने फिरते. ऑगस्ट २०२१ मध्ये ते भारताकडे असताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सागरी सुरक्षेवरील चर्चेचे अध्यक्षस्थान भूषवले. भारतीय पंतप्रधानाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती.

खर्चाचे आकडे देशोदेशी फार वेगळे असतात. ऑस्ट्रेलियाने २०१२ ची जागा जिंकण्यासाठी सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च केल्याचे सांगितले जाते. याउलट सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स हा परिषदेवर आलेला सर्वांत छोटा देश २०१९ मध्ये १८५ मतांनी निवडून आला. गरीब देशांना मिळणारा एक लाभ मोजला गेलेला आहे. इल्याना कुझिएम्को आणि एरिक वर्कर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, परिषदेवर असताना देशाला अमेरिकेकडून मिळणारी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते आणि मुदत संपली की पुन्हा खाली येते. मत मिळवण्यासाठी पैसा लागतो तसा मत हाती असले की पैसा येतोही.

१३. कोणालाच दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत तर?

फेऱ्या चालू राहतात. एका जागेसाठी प्रथम आघाडीच्या दोघांपुरत्या तीन फेऱ्या होतात, मग कोणाचेही नाव लिहिता येईल अशा तीन, पुन्हा दोघांपुरत्या तीन, असा क्रम असतो. या मोकळ्या फेऱ्यांमुळेच तिसरा देश पुढे येऊ शकतो. क्युबा आणि कोलंबिया यांच्यातील पेच १९७९ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १९८० मध्ये १५५ व्या फेरीत मेक्सिको निवडून आला. २००६ मध्ये ग्वाटेमाला आणि व्हेनेझुएला ४७ फेऱ्या झगडले आणि ४८ व्या फेरीत जागा पनामाला गेली. दुसरा मार्ग मुदत वाटून घेण्याचा. १९६०-६१ ची मुदत पोलंड आणि तुर्कस्तान यांनी एकेक वर्ष घेतली होती. २०१६ मध्ये इटली आणि नेदरलँड्स पाच फेऱ्यांनंतर ९५-९५ वर अडकले, तेव्हा हीच तोड निघाली: २०१७ इटलीला, २०१८ नेदरलँड्सला. तांत्रिकदृष्ट्या पूर्ण मुदतीसाठी इटलीच निवडून आला, त्याने वर्षअखेरीस जागा सोडली आणि उरलेल्या वर्षासाठी पोटनिवडणूक झाली.

१४. लागोपाठ दोन मुदती मिळतात का?

नाही. सनदेच्या कलम २३ नुसार मुदत संपणारा सदस्य लगेच पुन्हा निवडून येऊ शकत नाही. एक मुदत बाहेर राहून पुन्हा उभे राहण्यास हरकत नसते.

१५. निवडून आल्यावर जागा नाकारता येते का?

नियमांत तशी कल्पना केलेली नाही, पण घडले आहे. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी सौदी अरेबिया प्रथमच निवडून आला, त्याच्या राजनैतिक अधिकाऱ्यांनी सभागृहात अभिनंदन स्वीकारले आणि दुसऱ्या दिवशी रियाधहून नकाराची घोषणा झाली. सीरिया आणि पॅलेस्टाइन प्रश्नांवर परिषद निष्क्रिय असल्याचे कारण देण्यात आले. डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान होऊन ती जागा जॉर्डनला मिळाली.

१६. इस्राएल कधीच परिषदेवर का आला नाही?

अरब देशांच्या विरोधामुळे इस्राएलला आशियाई गटात प्रवेश मिळाला नाही आणि गट नसलेल्या देशाला ही निवडणूक लढवणे जवळजवळ अशक्य असते. २००० मध्ये त्याला पश्चिमी गटात सामावून घेतले गेले. त्याने २०१९-२० साठी उमेदवारी जाहीरही केली होती. परंतु जर्मनी आणि बेल्जियम रिंगणात असताना २०१८ मध्ये ती मागे घेतली.

१७. ज्या देशाच्या वागणुकीवर परिषदेतच चर्चा चालू आहे, तोही निवडून येऊ शकतो का?

येऊ शकतो. कलम २३ मध्ये शांतता व सुरक्षेतील योगदान ‘विशेषत्वाने लक्षात घ्यावे’ असे म्हटले आहे, ती पात्रतेची अट नाही. तिचा अर्थ प्रत्येक मतदार आपल्यापुरता लावतो. कधी तो अर्थ लावला जातो: २०२३ मध्ये पूर्व युरोपच्या जागेसाठी बेलारूस अनेक वर्षे एकटाच होता, २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तेथे आंदोलकांवर दडपशाही झाली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये स्लोव्हेनिया उशिरा उतरला; पुढे युक्रेनवरील आक्रमणात बेलारूसने रशियाला साथ दिली आणि स्लोव्हेनिया १५३ विरुद्ध ३८ असा जिंकला. कधी लावला जात नाही, किंवा निवडणुकीच्या वेळी पुढचे कोणाला दिसत नाही. रवांडा १९९४-९५ साठी निवडून आलेला होता. एप्रिल १९९४ मध्ये तेथे नरसंहार सुरू झाला, तेव्हा तो घडवणाऱ्या राजवटीचा प्रतिनिधी परिषदेच्या मेजाशी बसून त्याच विषयावरील चर्चेत भाग घेत होता. पुढे सत्ता बदलली, खुर्चीवरचा माणूस बदलला, जागा मात्र रवांडाचीच राहिली. आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये नरसंहाराच्या खटल्यांसाठी न्यायाधिकरण नेमण्याचा ठराव आला, तेव्हा त्याच्या विरोधात पडलेले एकमेव मत नव्या रवांडा सरकारचे होते.